पिशवीतला हात

दादाचा हात सोंगट्यांच्या पिशवीत जरा जास्तच वेळ राहिला. किती जास्त, हे तिला सांगता आलं नसतं. चार सेकंद, फार तर पाच. पण तेहतीस वर्षं तिने कोर्टातून आलेल्या कागदांवरच्या सह्या भिंगाखाली धरल्या होत्या, खरी कुठली आणि खोटी कुठली हे सांगायचा पगार घेतला होता, आणि एवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की माणूस खोटेपणा करतो तो असल्या चार-पाच सेकंदांतच करतो. खोटी सही करणाऱ्याचं पेन कुठेतरी क्षणभर थबकतं आणि तिथे शाईचा बारीकसा ठिपका साचतो. दादाचा हात तसा थबकला. कापडाच्या आत बोटं हलताना दिसली. मग हात बाहेर आला, अक्षराची सोंगटी त्याच्यापुढच्या पट्टीवर लागली, अंगठा तिच्यावरून एकदा फिरला आणि थांबला. तिने आपला 'वळ' मांडला, वळ, सहा गुण, याहून काही सुचत नव्हतं, आणि तिचं बोट खेळाच्या पाटावरून उचललं जातंय तोवर दादाने त्याच्यापुढे 'च' आणि 'ण' टेकवले.

"वळचण," तो म्हणाला. "शेवटचं घर तिपटीचं आहे. लिही बेबी, बेचाळीस."

सत्तावन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारा हा एकच माणूस आता जगात उरला होता. तिने वहीत बेचाळीस लिहिले. सलग सहावा रविवार. पाच आठवड्यांपूर्वी तो पहिल्यांदा जिंकला तेव्हा तिला बरं वाटलं होतं, खरंच बरं वाटलं होतं, तिने ऑफिसातही सांगितलं होतं. दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा तिने डॉक्टरांना फोन केला. दोन वर्षांपूर्वी दादाला झटका आला तेव्हा याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की शब्दांचे खेळ खेळवा, मेंदूला व्यायाम होतो, ताजा राहतो. तिला तेव्हा ते पटलं नव्हतं. मेंदू म्हणजे काय पोटरी आहे व्यायाम द्यायला? पण डॉक्टर फोनवर म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं मी?" आणि तिला त्या 'म्हटलं नव्हतं'चा राग आला. तिसऱ्यांदा दादा जिंकला तेव्हा तिने नुसते गुण मांडून वही मिटली. आणि आज, दादाचं बघणारी मेजर चहाचे कप आणून ठेवत असताना, तिच्या मनात ते वाक्य पूर्ण, टिंबासकट उमटलं: हा लबाडी करतोय.

खेळ वडिलांनी केलेला. त्यांचं नावाच्या पाट्या कोरायचं दुकान होतं. पाट्यांतून उरलेल्या लाकडाच्या त्यांनी एकशेवीस सोंगट्या केल्या, प्रत्येकीवर एक अक्षर खोल कोरलं आणि कोपऱ्यात त्याचे गुण. नुसती अक्षरं. काना, मात्रा, वेलांट्या काही नाही. त्या ज्याच्या त्याने मनात धरायच्या आणि शब्द मांडताना तो मोठ्याने म्हणायचा. म्हटला नाही तर बाद. 'क' आणि 'ळ' हातात आले तर काळ म्हणा, केळी म्हणा, कोळी म्हणा, नाहीतर कळ म्हणून सोसा. "अक्षरं नशिबाची, मात्रा अकलेच्या," वडील म्हणायचे, आणि आपण हरलो की त्यातलं फक्त पहिलं अर्धं म्हणायचे. दादाला लहानपणापासून शब्दांचं वेड. तो सुंदर शब्द मांडायचा आणि हरायचा. पुढे शाळेत भाषा शिकवली, सत्तावीस वर्षं एका साप्ताहिकाला शब्दकोडं रचून दिलं, तरी हरायचा. कारण तो शब्दाच्या प्रेमात पडायचा आणि ती घरांच्या. तिपटीचं घर कुठे, दुपटीचं कुठे, दादाला कुठे वाट मिळणार नाही, हे ती आधी बघायची. तिचे शब्द दोन-दोन अक्षरांचे, कोत्या मनाचे, पण मोक्याच्या जागी बसलेले. नऊ वर्षांची असताना तिने एकदा 'ज्ञ' फ्रॉकच्या खिशात लपवून ठेवला होता. संपूर्ण डाव दादा मधूनमधून तिच्या खिशाकडे बघत होता आणि बोलला काहीच नाही. तो का बोलला नाही, हा प्रश्न तिला तेव्हाही सुटला नव्हता. दया केली की पुढे कधीतरी वापरायला जपून ठेवलं? त्या वयातसुद्धा तिला दुसरी शक्यता जास्त खरी वाटली होती.

पहिला संशय मेजरवर गेला. दिवसभर दादाचं बघायला येणारी ही बाई. गोळी, अंघोळ, फिरणं सगळं हुकमात, म्हणून दादाने तिचं नाव मेजर ठेवलेलं. खेळ चालू असला की ती चहा घेऊन यायची आणि रिकामा ट्रे छातीशी धरून, दादाच्या नव्हे, तिच्याच खुर्चीमागे उभी राहायची. तिथून तिची सगळी पट्टी दिसत असणार. मग खोकल्याचं काही असेल, ट्रेवर बोटं वाजवण्याचं काही असेल. दोघांचं गूळपीठ होतंच. ती ऑफिसातून आली की कधीकधी दार उघडायच्या आधी आतलं हसणं ऐकू यायचं आणि दार उघडल्यावर थांबायचं. पुढच्या रविवारी तिने मेजरला खेळाच्या ऐन वेळी औषधं आणायला पिटाळलं. "कालच आणलीत की, ताई," मेजर म्हणाली. "मलम नाही आणलं." "मलम कोणाला?" "मला," ती म्हणाली. मेजर गेली. दादा बावन्न गुणांनी जिंकला. मेजर मलम घेऊन परत आली तेव्हा दादा म्हणाला, "बेबीला लाव. तिला लागलंय." आणि दोघं हसली.

म्हणजे पिशवीच. तिने त्या दिवशी दादाकडे नीट पाहिलं, ऑफिसात कागदाकडे पाहायची तसं, अर्थ न लावता. तो पिशवीत हात घालतो तेव्हा नजर छताकडे असते. बोटं आत दोन-तीन सोंगट्या चाचपतात, एक सोडतात, एक धरतात. पट्टीवर लावल्यावर अंगठा प्रत्येक सोंगटीवरून जातो, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून. ती मांडते तेव्हा तो पाटाकडे बघतच नाही, तिच्या तोंडाकडे बघतो. हे सगळं गेलं वर्षभर तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिने त्याला म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून सोडून दिलं होतं. तिला स्वतःचीच चीड आली. सोमवारी तिने पिशवी पर्समध्ये टाकून ऑफिसात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत, खोलीचं दार लोटून, एकशेवीसच्या एकशेवीस सोंगट्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. नखाची खूण, पिनेचा ओरखडा, मेणाचा ठिपका, काहीतरी असणारच. काहीही नव्हतं. वडिलांच्या पटाशीच्या धारेचे व्रण, कोरलेल्या खाचांत साठलेला साठ वर्षांचा मळ, आणि कडा गुळगुळीत झालेल्या. 'ट'च्या पोटात एका जागी पटाशी सुटलेली दिसली. वडिलांचा हात तिथे घसरला असणार. तिने डोळे मिटून एक सोंगटी चाचपली. ट? ठ? ढ? कळलं नाही. दुसरी घेतली. न की म? कळलं नाही. डोळे उघडले तर तो 'स' होता. कोणालाच कळणार नाही असं, तिने स्वतःला सांगितलं, सराव केल्याशिवाय. आणि सराव करायला दादाला दिवसभर वेळच वेळ होता. ती ऑफिसात असताना तो एकटा बसून ही लाकडं चाचपत असणार, कशासाठी, तर आपल्या बहिणीला हरवण्यासाठी. आपण सगळं सोडून त्याच्याकडे राहायला आलो. भाड्याची खोली सोडली, खिडकीतलं ते झाड सोडलं. आणि हा.

त्या टेबलापाशी बसल्या बसल्या तिला एक शिक्षिका आठवली. आठवायचं कारण नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिने त्या शिक्षिकेच्या अर्जावरची सही खोटी ठरवली होती. एक पानी अहवाल, शेवटी शिक्का. सहा महिन्यांनी ती बाई ऑफिसात आली, या टेबलासमोर उभी राहिली आणि तिने आपला उजवा हात पुढे केला. मनगट वाकडं जुळलेलं होतं. "तेव्हा प्लास्टरमध्ये होता," बाई म्हणाली. "मी डाव्या हाताने सही केली होती. मला कोणी विचारलंच नाही." ओरडली नाही, रडली नाही. हात दाखवला आणि गेली. तेव्हापासून वर्षातून एकदोनदा तो हात असा मध्येच यायचा. तिने सोंगट्या पिशवीत भरल्या, गाठ मारली आणि संध्याकाळी घरी जाताना खेळण्यांच्या दुकानात शिरून तसल्याच अक्षरांच्या खेळाचा एक नवा, तयार डबा विकत घेतला. प्लास्टिकच्या सोंगट्या. अक्षरं कोरलेली नाहीत, छापलेली. तिने दुकानातच एका सोंगटीवरून बोट फिरवलं. काचेसारखी गुळगुळीत.

रविवारी दुपारी तिने नवा डबा टेबलावर ठेवला. "वडिलांच्या सोंगट्या झिजल्यात," ती म्हणाली. "जपून ठेवू त्या. आजपासून हा." दादाने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं आणि तिला आतून एक घाणेरडा आनंद झाला; साक्षीदार पहिल्यांदा चाचरला की वकिलांना होत असेल तसा. दादाने नव्या पिशवीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. सात सोंगट्या पट्टीवर लावल्या. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला, पट्टी जवळ ओढली, मग लांब ढकलली.

"उजेड कमी आहे," तो म्हणाला.

तिने दिवा लावला. दुपारचे तीन वाजले होते.

"माझं डोकं जरा जड झालंय, बेबी."

"एक डाव. एकच."

दादाने तर्जनी एका सोंगटीवर टेकवली आणि अक्षरावरून हळूहळू फिरवायला लागला, ओठ हलवत. त्याच्या कपाळावर घाम आला. खूप वेळाने त्याने तीन सोंगट्या उचलून मधल्या घरात मांडल्या आणि म्हणाला, "घागर." तिने पाहिलं. पाटावर होतं 'घ', 'ग' आणि 'स', आणि 'स' उलटा होता, डोक्यावर उभा.

तिला त्या क्षणी कळायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली, की जी बाई एका वेलांटीच्या वळणावरून माणूस ओळखते तिला तो डोक्यावर उभा राहिलेला 'स' बघून कसं कळलं नाही. पण संशयाचं असं असतं, की तो खरा ठरायला लागला की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. तिला फक्त एवढंच दिसलं, की सापडला. आठवडाभर साठवलेलं सगळं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर आलं. पिशवीत चाचपतोस. बोटांनी अक्षरं ओळखून हवी तीच उचलतोस. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साठी उलटल्यावर, आजारातून उठल्यावर, सख्ख्या बहिणीशी लबाडी, आणि ती कशासाठी तर रविवारच्या एका डावासाठी. मेजर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"हो," दादा म्हणाला. "चाचपतो. पिशवीत हात असतानाच मला कळतं काय लागलंय ते. चांगलं असलं तर ठेवतो, कधीकधी बदलतोसुद्धा. ते चूक आहे. पण बाकीचं चाचपणं लबाडीचं नाही, बेबी." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. झटका आला तेव्हापासून. तू दिसतेस, भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसतं. हे दिसतं," त्याने उलट्या 'स'वर बोट ठेवलं, "काळं आहे, वळण आहे, कुठल्यातरी परक्या मुलखातलं काहीतरी लिहिलंय एवढं समजतं. पण बोट फिरवलं की हाताला आठवतं. कोरलेलं असलं की चटकन. छापलेलं असलं की गिरवावं लागतं, आणि पुढच्या अक्षराला गेलो की मागचं सुटतं."

"तू लिहितोस की. सही करतोस. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुला चार ओळी लिहायला लावल्या होत्या, मी स्वतः बघितलंय, अक्षर जसंच्या तसं होतं."

"लिहिता येतं. लिहिलेलं वाचता येत नाही. डॉक्टर वाचायला सांगायचे तेव्हा मी म्हणायचो चष्मा घरी राहिला."

ती खाली बसली. मनात एकेक गोष्ट पुढे येऊन उभी राहायला लागली, जणू तिनेच समन्स काढलं होतं. रोज सकाळी तासभर समोर धरलेलं वर्तमानपत्र, ठरावीक वेळाने उलटलेली पानं. शब्द मोठ्याने म्हणायचा वडिलांचा नियम, आणि ती शब्द म्हणत असताना तिच्या तोंडाकडे लागलेली त्याची नजर. म्हणजे सबंध पाट तो डोक्यात मांडून ठेवत होता, तिने म्हटलेला आणि त्याने म्हटलेला प्रत्येक शब्द, आडवा, उभा, कुठलं घर रिकामं, कुठलं तिपटीचं. आंधळ्याने बुद्धिबळ खेळावं तसा. आधीचं दीड वर्ष तो हरत होता ते अक्षरं हाताला शिकवत होता म्हणून. आणि तिला वाटत होतं, आपण त्याला खेळवतोय.

"तुला माहीत होतं?" तिने मेजरला विचारलं.

"मला कोणी सांगितलं नाही," मेजर म्हणाली. "पण खोकल्याची बाटली समजून चोळायचं तेल प्यायला निघाले होते एकदा. म्हणून मी बाटल्यांना रबरबँड लावले. सकाळची एक, रात्रीची दोन."

रबरबँड तिने पाहिले होते. बाईला टापटिपीची हौस आहे, असं वाटलं होतं.

"दोन वर्षांत मी तुझ्यासमोर चाळीसेक कागद ठेवले असतील," ती दादाला म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "हॉस्पिटलचे, घराच्या नावाचे, कसले कसले. तू चष्मा लावून, सगळं वाचून सही केलीस."

"वाचून नाही केली. तू ठेवलेस म्हणून केली."

हे तो तिला लागावं म्हणून बोलला नव्हता. तेच जास्त वाईट होतं. "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं, सांगितलं असतं तर तिने आधी खरं की खोटं ते तपासलं असतं. दादाने दुसरंच उत्तर दिलं. "भाषेचा मास्तर मी," तो म्हणाला. "पाय गेला असता तर सांगितलं असतं." मग तो उठला, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेला, आणि बराच वेळ आला नाही. कपाट उघडल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पाकीट होतं, फोडलेलं, हाताळून मऊ झालेलं.

"हे मात्र आता वाचून दाखव," तो म्हणाला. "पोरीचं आहे. सात महिने झाले."

तिने अक्षर ओळखलं. भाचीचं, 'र' उजवीकडे झुकणारा, शिरोरेघ तुटक. दादाची एकुलती एक मुलगी, दूरच्या शहरात नोकरीला. वहिनी गेली तेव्हा ती एक दिवस उशिरा पोचली होती आणि दादा दारातच तिला म्हणाला होता, "आता येऊन काय उपयोग?" त्यानंतर बापलेकीत बोलणं कामापुरतं. दादाच्या आजारपणात येऊन आठ दिवस राहिली, उशाशी बसली, आणि ते वाक्य दोघांच्या मध्ये तसंच बसून राहिलं. पुढे तिचे फोन यायचे, मग तेही बंद झाले. गेल्या सात महिन्यांत एकही नाही. त्यावर आत्या म्हणून तिचं मत ठरलेलं होतं आणि ते तिने दादाला दोनदा ऐकवलंही होतं, की आजकालची मुलं, बाप आजारातून उठला, आता कशाला विचारतील?

"मेजरला का नाही सांगितलंस वाचायला?"

"माझ्या मुलीचे शब्द आधी परक्या आवाजात ऐकायचे?" दादा म्हणाला. "मी गिरवून बघितलं. पहिल्या ओळीतलं 'बाबा' लागलं. पुढे हस्ताक्षर आहे, लागत नाही."

तिने वाचायला सुरुवात केली. बाबा, हे पत्र लिहायला मला वर्ष लागलं. आई गेली त्या दिवशी मी उशिरा का पोचले ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. मला घाबरायला झालं होतं. तिकीट आदल्या दिवशीचं होतं, मी स्टेशनवर जाऊन परत आले. आईला तशी बघायची माझी हिंमत झाली नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जगता येत नाही. दादा डोळे मिटून ऐकत होता. अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत होता. ती पान उलटून वाचत गेली आणि मध्येच थांबली.

पुढच्या ओळीत ती स्वतः होती.

तिने ती ओळ नजरेने पूर्ण वाचली. मग पुन्हा एकदा. समोर दादा डोळे मिटून बसलेला, आणि त्याने ते उघडले असते तरी काय? ही ओळ गाळली तर जगात कोणाला कळणार नव्हतं. पुढच्या वाक्याला मागचं वाक्य जोडून घेता आलं असतं, सांधा दिसला नसता. कागदातले सांधे कसे दिसतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं.

"थांबलीस का?"

"अक्षर नीट लागत नाहीये."

दादाने डोळे उघडले. "तुला?" तो म्हणाला. एवढंच. आणि हसला, नऊ वर्षांच्या मुलीच्या खिशाकडे बघायचा तसा नव्हे, अगदी साधं, थकलेलं हसला. त्याने तिचा खोटेपणा पकडला होता आणि तरी तो वाट बघायला तयार होता. तिने कागद खिडकीकडे धरला, उजेड भरपूर असताना.

"फोन करून बोलले असते," तिने वाचलं, "पण फोन आत्या उचलते. कशाला केलास, काय हवंय, आत्ताच का आठवण झाली, असं उलटतपासणी घेतल्यासारखं विचारते. दर वेळी फोन ठेवला की मला वाटतं, मी खरंच काहीतरी लुबाडायला आले होते. तिचं वाईट मन नाही, मला माहीत आहे. पण तिच्याकडून तुमच्यापर्यंत माझं काही धड पोचेल असं वाटत नाही. म्हणून पत्र." तिचा आवाज मध्ये कुठे फुटला नाही. साक्षीत कागद वाचून दाखवायची तसं तिने ते वाचलं, स्वच्छ, कुठलाही शब्द न दाबता, आणि पुढे गेली. "तुम्हाला अजून राग असेल तर उत्तर देऊ नका. मी समजून घेईन आणि पुन्हा त्रास देणार नाही."

पत्र संपलं. खाली तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. सात महिने ती पोर दूर कुठेतरी आपल्याला उत्तर मिळालंय असं समजून जगत होती.

मेजर केव्हाच आत निघून गेली होती. दादाने कागद मागितला, पेन मागितलं. "मी लिहून देते, तू सांग," ती म्हणाली. "नको," तो म्हणाला. "मला येतं." आणि तो लिहायला बसला. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर, हात एकटाच चाललेला. अक्षर मास्तरांचं, गोल, ठाम, फक्त ओळ हळूहळू उजवीकडे चढत गेलेली. मध्ये थांबून त्याला मागे काय लिहिलं ते बघता येत नव्हतं, म्हणून तो थांबतच नव्हता. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिथून कागद उलटा दिसत होता, आणि उलटं वाचणं ही तर तिच्या धंद्याची पहिली इयत्ता. तिने खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. पेनचा आवाज पाठीमागून येत राहिला, खूप वेळ. एका पानाचा आवाज नव्हता तो.

"वाचून दाखवू?" आवाज थांबल्यावर तिने विचारलं. "काही राहिलं असेल तर."

"राहिलं तर राहू दे," दादा म्हणाला. "बंद कर."

तिने कागद घडीवर घडी करून, लिहिलेली बाजू आत ठेवून पाकिटात घातले. पत्ता लिहिला. चपला घालून खाली गेली आणि कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकून आली. टाकताना हात पेटीच्या तोंडाशी थोडा रेंगाळला, नाही असं नाही.

पुढचे दोन रविवार ते खेळले, वडिलांच्याच सोंगट्यांनी. दादाने कबूल केल्याप्रमाणे पिशवीतून हाताला लागेल ती पहिली सोंगटी उचलली, एक डाव हरला, एक जिंकला. जिंकला तेव्हा तिच्या मनात जुनी कळ उठलीच, हात किती वेळ आत होता ते तिने मोजलंच. सवय एका पत्राने जात नाही. तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी ती नुकतीच ऑफिसातून आली होती. दादाचा फोन वाजला. मेजरने तो उचलून नेहमीसारखा तिच्यापुढे धरला. "ताई, तुमची भाची."

तिच्या हातात तो क्षणभर आला. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. "देते हं," ती म्हणाली, दुसरं काही म्हणाली नाही, आणि दादाच्या खोलीत जाऊन फोन त्याच्या हातात ठेवला, दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात आली. भिंत पातळ होती. आधी दादाचं "बोल" ऐकू आलं, मग बऱ्याच वेळाने एक आवाज, हसण्याचा की दुसरा कसला ते कळेना. ती ओट्याला टेकून उभी होती, हातात घासायला घेतलेला कप. मग दादाचा आवाज जरा चढला आणि स्पष्ट ऐकू आलं, "नाही गं, ऐक, बेबी आहे ना, ती..."

तिने नळ पूर्ण सोडला. पाणी भांड्यांवर धाडधाड आदळायला लागलं. कप कधीच स्वच्छ झाला होता. तरी दादाने आतून हाक मारेपर्यंत ती तो नळाखाली धरून उभी राहिली.